पूर्ण ऐकायचे बारा अल्बम, माझ्या क्रमाने

पहिला क्रमांक शेवटपर्यंत झाकून ठेवायचा आणि बाराव्यापासून वर चढत यायचं, ही रीत मला पटत नाही. ज्याला आपण सगळ्यात वर बसवलं, त्याबद्दल आधी बोलावं आणि पोटभर बोलावं. म्हणून सरळ सांगते. माझ्या यादीत पहिली आहे किशोरी आमोणकरांची एचएमव्हीची एलपी. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री.

यादी करायचं निमित्त माझ्या भाचीचं. ती म्हणाली, "मावशी, तू एवढं ऐकते, तर एकदा लिहून ठेव ना कोणतं एक नंबर अन् कोणतं दोन नंबर. मले तुझी कोणतीच गोष्ट लक्षात नाही राहत." मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. क्रम लावायला सांगितलं की मला आधी नियम लागतात, ते असे: अल्बम अख्खा ऐकावासा वाटला पाहिजे, आहे त्याच क्रमाने, मधलं काही न ओलांडता. निवडक गाण्यांचे संच बाद. एका मुख्य गायकाचा किंवा वादकाचा एकच. संगीतकाराला ही अट नाही, कारण तशी घातली तर हृदयनाथ मंगेशकरांवर अन्याय होतो.

यातला पहिला नियम सगळ्यात महत्त्वाचा. सुटी गाणी आवडणं वेगळं. मला हजारो सुटी गाणी आवडतात. पण अल्बम म्हणजे कुणीतरी बसून विचारपूर्वक लावलेला क्रम असतो: कशाने उघडायचं, कशानंतर काय, बाजू कुठे संपवायची. त्या विचाराला मी गुण देते. नुसत्या आवाजाला किंवा नुसत्या चालीला दिले असते, तर यादी अगदी वेगळी झाली असती.

आता किशोरीताईंची भूप. गाण्याच्या क्लासला गेलेल्या कोणालाही विचारा, सुरुवातीलाच भूप शिकवतात. पाच स्वर, सगळे शुद्ध. मध्यम नाही, निषाद नाही. सरगम पाठ झाली की मुलांना वाटतं राग आला. मीही लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या एका क्लासला जायची आणि भूप म्हणजे सोपा राग, अशीच समजूत घेऊन घरी यायची. घरी बाबांकडे पेटीसारखा मिटणारा एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता. त्यावर ही तबकडी लागायची. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, 'प्रथम सूर साध', मग द्रुतात, म्हणजे जलद लयीत, 'सहेला रे'. तेच पाच स्वर, पण एकेका स्वराकडे त्या इतक्या सावकाश जातात की गंधार लागतो तेव्हा तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा वाटतो. देसकार रागातही हेच पाच स्वर आहेत. तिथे जोर धैवतावर, इथे गंधारावर. पुस्तकात हा फरक एका ओळीत लिहिलेला असतो. मला तो कळला या रेकॉर्डवरून, कारण सगळा राग त्या गंधाराभोवती वळताना इथे कानाला स्पष्ट ऐकू येतो.

मैफिलीत तास-तास चालणारा राग एलपीच्या एका बाजूत बसवायचा, म्हणजे काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. अनेक कलाकारांच्या एलपींवर हे सोडणं जाणवतं. विलंबित घाईत उरकलेलं असतं आणि द्रुतात तानांची गर्दी. इथे घाई नाही. विलंबित आपल्या चालीने चालतं आणि द्रुत त्यातूनच उगवल्यासारखं येतं. बाजू संपली की उठून तबकडी उलटवायची, आणि मग बागेश्री. भूप संध्याकाळ उलटल्यावरचा, बागेश्री मध्यरात्रीकडची. तेवढ्या एका उलटवण्यात रात्र पुढे सरकते. आमच्या नागपुरात मे महिन्यात ही रेकॉर्ड नीट ऐकता येत नाही. कूलर चालू असला की त्याच्या घरघरीत विलंबितातल्या श्रुती बुडून जातात, आणि कूलर बंद करायची सोय नसते. म्हणून माझ्यासाठी ही हिवाळ्यातली रेकॉर्ड. डिसेंबरात खिडक्या लावून, अंगावर शाल घेऊन, रात्रीच्या जेवणानंतर.

दुसरा क्रमांक 'कट्यार काळजात घुसली'च्या पदांचा. मूळ नाटकाच्या पदांचा, डॉ. वसंतराव देशपांड्यांच्या आवाजातला. इथे मी नागपूरकर म्हणून पक्षपात करते, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. नाटक लिहिलं पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, म्हणजे आमच्या रंजन कला मंदिर या नाट्यसंस्थेच्या दारव्हेकर मास्तरांनी. वसंतराव मूर्तिजापूरचे, वाढले नागपुरात, आणि गाण्याचे पहिले धडे इथेच शंकरराव सप्र्यांकडे गिरवले. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. 1967च्या डिसेंबरात नाटक रंगभूमीवर आलं. सिव्हिल लाइन्समधलं आपलं मोठं सभागृह वसंतरावांच्या नावाचं आहे आणि दर पावसाळ्यात तिथे त्यांच्या स्मृतीत समारोह होतो. तिकडे जाणाऱ्या तरुण मुलांना मी नेहमी सांगते, की आधी ही पदं ऐकून या.

या पदांचा क्रम म्हणजेच नाटकाचं कथानक आहे. दोन घराणी, दोन गवई, एक शिष्य. 'तेजोनिधी लोहगोल' ऐकताना सूर्य डोक्यावर येतो. 'घेई छंद मकरंद' तर दोन्ही घराण्यांच्या अंगाने ऐकायला मिळतं, एकदा संथ आणि एकदा चपळ. घराणं म्हणजे काय, यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. पण तेच पद दोन तऱ्हांनी लागोपाठ ऐकलं की ज्याला गाण्यातलं काही कळत नाही त्यालाही फरक समजतो. हा विचार अभिषेकीबुवांचा. आणि मग खाँसाहेबांच्या भूमिकेतला वसंतरावांचा तो धारदार, कुठे वळेल याचा नेम नसलेला गळा. 'सुरत पिया की' मध्ये ते एका रागातून दुसऱ्यात जातात तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवते. वर्गाचे पेपर तपासताना हे लावायचं नाही, एवढं मी पक्कं ठरवलंय.

2015च्या चित्रपटाचा अल्बमही माझ्याकडे आहे. राहुल देशपांड्यांनी आजोबांची पदं जपून गायली आहेत, आणि 'अरुणी किरणी'साठी महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. नव्या मुलांना नाट्यसंगीताकडे आणायचं मोठं काम त्या चित्रपटाने केलं. तरी अल्बम म्हणून मी मूळच वर ठेवते. तिथे प्रत्येक पदाला नाटकातली जागा आहे आणि सजावट अगदी थोडी: ऑर्गन, तबला आणि गळा.

तिसऱ्या क्रमांकावर 'कॉल ऑफ द व्हॅली', 1967. हा पहिला का नाही, असं दादा दरवेळी विचारतो. क्रमाचा विचार हाच निकष असेल तर हा पहिलाच यायला हवा, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, रागांच्या वेळेनुसार मांडलेला. पहाटे अहिर भैरव, मग नट भैरव, दुपारकडे पिलू, संध्याकाळी भूप, पुढे देस आणि शेवटी पहाडी. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. त्या काळात संतूर आणि गिटार ही शास्त्रीय संगीतात अजून आपली जागा मागणारी वाद्यं होती. अशा तीन तरुणांना एकत्र बसवून चाळीसेक मिनिटांत अख्खा दिवस उभा करायची कल्पना एचएमव्हीच्या जी. एन. जोशींच्या देखरेखीखाली प्रत्यक्षात आली. हे जोशी म्हणजे तेच, ज्यांनी मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' ही कविता गाऊन मराठी भावगीताची वाट मोकळी केली. शिक्षण वकिलीचं, मूळ विदर्भातलं. जगभर गेलेल्या या रेकॉर्डच्या मागे आपल्याकडचा माणूस आहे, हे विदर्भात फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून मी भेटेल त्याला सांगत असते.

मग पहिला का नाही? कारण पहाडीपर्यंत पोचताना मला दिवस दिसतो, पण प्रत्येक राग पुरता भेटत नाही. देस सुरू झाला, मन रमलं, की संपला. त्याची मांडणी तशीच आहे, त्यात उणेपणा नाही. मला मात्र एका रागापाशी थांबायला जास्त आवडतं. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकातलं अंतर एवढंच.

चौथ्या क्रमांकावर आमच्या घरात दोन तट आहेत. लताबाईंचा एकच अल्बम घ्यायचा, तर ज्ञानेश्वर की तुकाराम? आईचं मत तुकारामांच्या बाजूने. श्रीनिवास खळ्यांनी चाली दिलेले 'अभंग तुकयाचे', त्यातलं 'भेटीलागी जीवा', 'कन्या सासुरासी जाये', 'सुंदर ते ध्यान'. आई म्हणते, "खळ्यांची चाल ऐकली का मले आपलंच बोलणं वाटते. तुह्या हृदयनाथाची चाल ऐकावी लागते, गुणगुणता नाही येत." तिचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. खळ्यांच्या चाली ऐकायला सोप्या, गाऊ गेलं की अवघड. हृदयनाथांच्या ऐकायलाही अवघड, गायलाही अवघड. 'पैल तो गे काऊ कोकताहे', 'घनु वाजे घुणघुणा', 'अवचिता परिमळू', 'मोगरा फुलला'. चाल कुठे उतरेल हे आधी सांगता येत नाही, आणि उतरल्यावर दुसरीकडे कुठे उतरूच शकली नसती असं वाटतं. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या मुळातच अशा आहेत. ओळ साधी दिसते आणि अर्थ दूर कुठेतरी उभा असतो. त्या अंतरासाठी मी ज्ञानेश्वरांना चौथा क्रमांक देते. नियमामुळे तुकाराम यादीबाहेर राहिले, म्हणून आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

पाचवा, कुमार गंधर्वांचा 'मला उमजलेले बालगंधर्व'. थोडक्यात सांगते, कारण यावर बोलायला बसले तर वेगळं लिहावं लागेल. एका मोठ्या गायकाने दुसऱ्या मोठ्या गायकाकडे बघायचं कसं, नक्कल न करता आणि धाक न बाळगता, याचा हा वस्तुपाठ आहे. बालगंधर्वांच्या पदांची ओळख नसेल तर आधी मूळ ध्वनिमुद्रिका ऐका, मग हे.

सहावा परदेशी आहे. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', 1959. दादा तेव्हा व्हीआरसीईच्या होस्टेलवर असायचा, म्हणजे आताचं व्हीएनआयटी. तिथून एका मित्राची कॅसेट घेऊन आला. मला जॅझ म्हणजे क्लबमधला गोंगाट वाटायचा. ही कॅसेट लावली आणि मी विचारलं, हे कोणत्या रागात आहे? प्रश्न भाबडा होता, पण अगदीच अस्थानी नव्हता, हे पुढे वाचनातून कळलं. त्या काळच्या जॅझमध्ये कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, भराभर बदलायच्या आणि वादकाला त्यांच्या मागे धावावं लागायचं. माइल्सने कॉर्ड कमी केल्या आणि एकेका स्वरसप्तकावर जास्त वेळ थांबायची मोकळीक दिली. वादकांना आयत्या वेळी थोडीशी रूपरेषा दिली आणि दोन बैठकांत रेकॉर्डिंग आटोपलं. ट्रम्पेटवर स्वतः तो, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अॅडर्ली, पियानोवर बहुतेक ठिकाणी बिल इव्हान्स. पाचच रचना. आपल्याकडे बंदिशीचा मुखडा धरून गवई विस्ताराला निघतो, तसंच हे. ठरलेलं थोडं, बाकी त्या क्षणाला सुचलेलं. जे लोक शास्त्रीय ऐकतात आणि जॅझला घाबरतात, त्यांनी इथून सुरुवात करावी. रात्री, कमी आवाजात. कोल्ट्रेनचं 'अ लव्ह सुप्रीम' मी दुसऱ्यांदा ऐकायला घेतलंय. तो अल्बम अजून माझ्या पूर्ण ओळखीचा झालेला नाही, म्हणून यादीत नाही.

सातवा, जगजीत आणि चित्रा सिंग यांचा 'मिर्झा गालिब', 1988च्या दूरदर्शन मालिकेचा. गुलजारांची मालिका रात्री लागायची आणि आमच्या वाड्यात एकाच घरी रंगीत टीव्ही होता. गालिब कळायचं वय नव्हतं. कॅसेटच्या आतल्या कागदावर उर्दू शब्दांचे अर्थ मी पेन्सिलने लिहून ठेवायची. जगजीत सिंगांच्या आधीच्या अल्बममध्ये गिटार आणि व्हायोलिन पुष्कळ, इथे ती बरीच मागे गेली आणि शब्द पुढे आले. मध्येच विनोद सहगलांच्या आवाजात 'कोई दिन गर जिंदगानी और है' येतं, तेव्हा एकदम निराळ्या माणसाच्या खोलीत गेल्यासारखं होतं. तो एक बदललेला आवाज त्या जागी ठेवण्यात अल्बमची सगळी जाण दिसते.

आठव्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तो माझ्या शहराचा आहे. 'निवडुंग', 1989. चित्रपट फारसा कोणाला आठवत नाही. गाणी सगळ्यांना आठवतात. संगीत हृदयनाथांचं. आशाबाईंच्या आवाजात 'केव्हातरी पहाटे', शब्द सुरेश भटांचे. हृदयनाथांच्या स्वतःच्या आवाजात 'ती गेली तेव्हा', शब्द ग्रेस यांचे. एकाच अल्बमवर भट आणि ग्रेस! नागपूरच्या रस्त्यांवरून हे दोन कवी एकाच काळात फिरत होते, आणि दोघांच्या कवितेचा स्वभाव इतका निराळा की एकाचा भक्त दुसऱ्याला मानायला तयार नसायचा. भटांची ओळ पहिल्या ऐकण्यात काळजात शिरते. ग्रेस यांची ओळ वर्षानुवर्षं सोबत राहते आणि तरी तिचा अर्थ हातात येत नाही. आमच्या घरी बाबा भटांचे आणि मी ग्रेस यांची. बाबा म्हणायचे, "अर्थ नाही समजला तर रडू कायले येते?" मी म्हणायची, रडू येतं म्हणजेच काहीतरी समजलेलं असतं.

हृदयनाथांनी दोघांना वेगवेगळं वागवलं आहे. भटांच्या गझलेला त्यांनी वृत्ताचा ठोका सोडू दिला नाही. शेर पुरा होतो तिथे चालही पुरी होते, आणि पुढचा शेर नव्याने उठतो. ग्रेस यांच्या कवितेला मात्र चाल पावसासारखी मोकळी सोडली, कुठे थबकते, कुठे ओळीच्या मध्येच श्वास घेते. दोन गाणी पाठोपाठ ऐकली की संगीतकाराने कवी कसा वाचला हे लख्ख दिसतं. मराठी शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी हे सांगितलं. आता ती वर्गात दोन्ही गाणी लावते आणि मग कविता शिकवते. रेशीमबागेत सुरेश भटांच्या नावाचं भव्य सभागृह उभं राहिलं, याचं समाधान आहे. ग्रेस यांच्या नावाचंही तसं काही मोठं या शहरात असावं, असं मला फार वाटतं.

भटांवरून एक गोष्ट यादीबाहेरची. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला पुस्तकांच्या स्टॉलांशेजारी गाण्यांचे स्टॉल लागतात. वामनदादा कर्डकांची, प्रल्हाद शिंद्यांची, विठ्ठल उमपांची गाणी एकाच वेळी दहा कर्ण्यांतून ऐकू येतात, आणि त्यात भटांनी लिहिलेली भीमवंदनाही असते. तिथून घेतलेल्या कॅसेटी आमच्याकडे आहेत. पण त्या बहुतेक निवडक गाण्यांच्या, म्हणून माझ्या नियमात बसत नाहीत. हा नियमाचा दोष, गाण्यांचा नाही. वामनदादांची गाणी खेड्यापाड्यांत, मिरवणुकांत, रात्रभर चालणाऱ्या गायन पार्ट्यांत वाढली. त्यांचा क्रम समोर बसलेली माणसं ठरवायची. अल्बम या मापाने ती मोजणंच चूक. संगीताच्या याद्यांत ही गाणी दिसत नाहीत याचं मला वाईट वाटतं, म्हणून इथे नाव घेऊन ठेवते.

नववा, पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', 1973. पुन्हा दादाच्या होस्टेलची देणगी. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, त्याच ठोक्यांवर संपतो आणि मध्ये एक गाणं दुसऱ्यात वाहत जातं. सीताबर्डीवरच्या एका रेकॉर्डिंगच्या दुकानात आम्ही याची कॅसेट भरून घेतली, तर दुकानदाराने प्रत्येक गाण्यानंतर चार सेकंद मोकळी जागा सोडली. नदीवर जागोजागी बांध घातल्यासारखं झालं. कित्येक वर्षांनी सीडी मिळाली तेव्हा दादा आणि मी शेजारी बसून अख्खा ऐकला. घड्याळांचा तो एकदम उठलेला गजर मूळ जागी ऐकून दोघंही दचकलो. पैसा, वेळ, वेड लागणं, मरण: विषय मोठे, पण भाषा साधी. गिटारपेक्षा मला यातली शांतता जास्त आवडते.

दहावा 'गारवा'. सौमित्रची कविता, मिलिंद इंगळेचा आवाज आणि चाली. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला कॉलेजात असलेल्या कोणत्याही मराठी माणसाला याबद्दल वेगळं सांगायला नको. गाण्याआधी कविता बोलली जाते, तीही वगळायची नाही. नागपुरात मृगाचा पहिला पाऊस येतो तो पंचेचाळीस अंशांच्या उन्हानंतर. त्या दिवशी हा अल्बम लागतो, इतर दिवशी मी लावत नाही.

अकराव्या क्रमांकावर भाचीचा आग्रह आणि माझं मत जुळलं. 'सैराट', 2016, अजय-अतुल. फक्त चार गाणी, आणि चारही वेगळ्या घरची. लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या मोठ्या वाद्यवृंदाकडून सुरावट वाजवून घेतली आणि ती करमाळ्याच्या शेतांवर पसरली. 'याड लागलं' सुरू होताना व्हायोलिनांचा जो समूह उठतो, तो ऐकून भाची म्हणाली, "मावशी, हे तर इंग्रजी पिक्चरवानी वाजून राहिलं." मी तिला म्हटलं, इंग्रजी काय त्यात, चाल कोणत्या मातीतली आहे ते बघ. 'झिंगाट' लग्नात वाजून वाजून लोकांचा जीव नकोसा झाला, हे खरं. पण अल्बमच्या क्रमात ते जिथे येतं, तिथे ते हवंच. ते नसेल तर बाकीची तीन गाणी फार गोड होतात. चारच गाण्यांचा अल्बम पूर्ण वाटू शकतो, हे यामुळे मला पटलं.

बाराव्या जागेसाठी दोन नावं बराच काळ भांडत होती. नुसरत फतेह अली खान यांचा 'मस्त मस्त', 1990, आणि इंडियन ओशन या बँडचा 'कांदिसा', 2000. नुसरतसाहेबांचा आवाज आणि मायकेल ब्रूकची गिटार हा मेळ अजूनही अंगावर काटा आणतो. पण माझ्या नियमाने ऐकलं, अथपासून इतिपर्यंत, तर त्यातली काही गाणी आवाज आणि यंत्र यांच्या ओढाताणीत अडकतात. नुसरतसाहेब सगळ्यात मोठे वाटतात ते साध्या कव्वालीच्या फडात, पेटी, तबला आणि टाळ्यांच्या साथीला. 'कांदिसा'त ओढाताण नाही. सुस्मित सेन यांची गिटार, आशीम चक्रवर्तींचा तबला आणि आवाज, राहुल राम यांचा बास, अमित किलम यांचे ड्रम, सगळे एकमेकांना जागा देत वाजवतात. 'मा रेवा' हे नर्मदेचं गाणं. राहुल राम नर्मदा आंदोलनात होते, त्या खोऱ्यातलं गाणं त्यांनी आणलं. नर्मदा आपल्यापासून काही फार लांब नाही. जबलपूरच्या रस्त्याला लागलं की सिवनी, लखनादौन आणि मग ती. आणि शीर्षकाचं गाणं तर केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली प्रार्थना. एकाच तबकडीवर नर्मदाकाठ आणि केरळचं चर्च, आणि जोड कुठे दिसत नाही.

भाचीने यादी वाचली आणि विचारलं, 2016 नंतरचं यात काहीच कसं नाही? प्रश्न योग्य आहे. तिने तिच्या आवडीचे तीन अल्बम मला पाठवलेत आणि मी ते अजून फक्त दोनदा ऐकलेत. तेवढ्यावर क्रमांक देणं बरोबर नाही. ऐकणं चालू आहे. त्यातला एक जरी पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकला, तर बाराव्या जागेवरचा 'कांदिसा' हलेल आणि मी तसं लिहीन.